मारबतीच्या सुट्टीआधी क्रॅश डम्पची तयारी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. इतवारी-महालाचे रस्ते गच्च भरलेले असतात आणि त्या दिवशी ऑन-कॉल (सर्व्हर बिघडला तर धावायची पाळी) असलेल्या माणसाला गर्दीतून घरी, लॅपटॉपपर्यंत यायला तास सहज जातो. गेल्या वर्षी तो माणूस मी होतो. मुंबई रीजनमधली आमची एक लिनक्स व्हीएम (क्लाउडवरची आभासी मशीन) कर्नल पॅनिकने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळून, पडली. मी घरी पोहोचलो तेव्हा तिच्या जागी नवी मशीन उभी राहून कामालाही लागली होती, ग्राहकाची एकही तक्रार नव्हती. पण जुनी मशीन काढून टाकताना तिची रूट (मुख्य) डिस्कही गेली, आणि डम्प, म्हणजे पडतानाच्या मेमरीची नक्कल, लिहिला जात होता तो त्याच डिस्कवर. पॅनिकचं कारण कळलं नाही. पुढे त्याच कारणाने आणखी दोन मशीन पडल्या आणि आमचे तीन आठवडे अंदाज बांधण्यात गेले. म्हणून यंदा ही यादी सुट्टीच्या निदान दोन आठवडे आधी हातात घ्यायची. यातली बरीच कामं रीबूट मागतात आणि सणाच्या आदल्या दिवशी रीबूटची परवानगी कोणी देत नाही.

सुरुवात मेमरीपासून. केडम्प या डम्प घेणाऱ्या यंत्रणेची सर्व्हिस ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसली की आपण निर्धास्त होतो, पण त्याचा अर्थ एवढाच की दुसरं कर्नल बाजूच्या मेमरीत नेऊन ठेवलंय. पॅनिकनंतर मूळ कर्नलवर भरवसा ठेवता येत नाही. केएक्सेकच्या (चालू कर्नलमधून थेट दुसऱ्यात जाण्याच्या) वाटेने हे दुसरं कर्नल सुरू होतं आणि तेच पहिल्याची मेमरी वाचून फाइल लिहितं. त्याची जागा बूट होतानाच राखून ठेवावी लागते. तेव्हा आधी /प्रॉक/सीएमडीलाइन (बूट होताना कर्नलला दिलेली ओळ) उघडून क्रॅशकर्नल हा शब्द आहे का ते बघा, मग /सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_साइझ (राखलेल्या मेमरीचा आकार) वाचा. तिथे शून्य असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. शून्य येण्याची दोन कारणं मी वारंवार पाहिली आहेत. एक, रेड हॅट ८ वरून ९ वर येताना जुनं ‘क्रॅशकर्नल=ऑटो’ तसंच राहतं; ९ मध्ये ‘ऑटो’ काढून टाकलंय, त्यामुळे काहीच राखलं जात नाही. दुसरं, उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये आपण ग्रब या बूटलोडरच्या मुख्य फाइलमध्ये बदल करतो, पण ग्रब.डी फोल्डरमधली ‘५०-क्लाउडइमेज-सेटिंग्ज’ ही फाइल तो पुसून आपलं म्हणणं लावते. बदल ग्रब.डीमध्येच, तिच्यानंतर वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये करा.

किती राखायची? रेड हॅट ९ च्या एक्स८६ मशीनवर मूळ हिशोब असा आहे: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, त्यापुढे ५१२ एमबी. साध्या मशीनला हे पुरतं. पण डिस्क जास्त असतील, डम्प नेटवर्कवरून जाणार असेल किंवा एखादा सिक्युरिटी एजंट स्वतःचं मॉड्यूल आत घुसवत असेल तर पुरत नाही. आमच्या चाचणीत सिरियल कन्सोलवर (मशीनचा मजकूर नेटवर्कशिवाय दाखवणारी खिडकी) मी हे समोर घडताना पाहिलं. दुसरं कर्नल उठलं, डिस्क माउंट झाली, डम्प लिहिणारं मेकडम्पफाइल सुरू झालं, टक्केवारी पुढे सरकू लागली आणि मध्येच ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ आली. मारली गेलेली प्रोसेस होती मेकडम्पफाइलच. मागे उरली ‘व्हीएमकोअर-इन्कम्प्लीट’ नावाची अर्धवट फाइल. ती दिसली की बाकी कुठेही शोधण्याआधी राखीव मेमरी वाढवा. रेड हॅटवर ‘केडम्पसीटीएल एस्टिमेट’ अंदाज देतं, तो आकडा कमीत कमी समजून चाला.

कन्सोल नसता तर ती ओळ मला कधीच दिसली नसती. दुसऱ्या कर्नलमध्ये एसएसएच (दुरून लॉगिन) चालू नसतं. ते काय बोलतंय ते फक्त सिरियल पोर्टवर कळतं. त्यामुळे एडब्ल्यूएसवर ईसीटू सिरियल कन्सोल अकाउंटच्या पातळीवर आधीच उघडून ठेवा, अझुरवर बूट डायग्नोस्टिक्स चालू करा, गूगल क्लाउडवर सिरियल पोर्टची मेटाडेटा लावा, आणि कर्नलच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०’ आहे याची खात्री करा. ऐन वेळी परवानग्या मागत बसायची वेळ आणू नका.

मशीनचा प्रकार बदलला असेल तर केडम्पची इनिटरॅमएफएस (दुसरं कर्नल सुरू होताना लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) नव्याने बांधा. ही फाइल बहुतेक वेळा ज्या मशीनवर बनली तिच्यापुरतेच ड्रायव्हर घेऊन बनते. एडब्ल्यूएसच्या जुन्या झेनवाल्या इन्स्टन्सवर घेतलेली इमेज नव्या नायट्रोवर चढवली की डिस्क एनव्हीएमई प्रकारची होते, नाव बदलतं, आणि ड्रायव्हर नसेल तर दुसऱ्या कर्नलला डिस्क सापडतच नाही. डम्पची जागा लिहिताना डिव्हाइसचं नाव न देता यूयूआयडी (न बदलणारी ओळख) द्या. सिक्योर बूट चालू असेल तर सही नसलेलं कर्नल केएक्सेक उचलणार नाही, तेही एकदा तपासा. रूट डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर तिच्यावर डम्प ठेवू नका. पासफ्रेज विचारला तर तिथे द्यायला कोण बसलंय?

आता ज्यात आम्ही मार खाल्ला ती गोष्ट. डम्प लिहायला मोठ्या मशीनवर बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ लोड बॅलन्सरच्या (मशीनमध्ये काम वाटून देणाऱ्याच्या) दृष्टीने ती मशीन मेलेली असते. ऑटो स्केलिंग तिला काढून नवी आणतो. त्याचं काम तेच आहे, पण आपला पुरावा त्याच्याबरोबर जातो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे डम्पसाठी वेगळी ईबीएस डिस्क (एडब्ल्यूएसवर मशीनला बाहेरून जोडायची), आणि तिचं ‘डिलीट ऑन टर्मिनेशन’ बंद. एवढ्याने निम्मंच काम होतं, कारण लिहिणं अर्धवट असताना मशीन काढली तर फाइलही अर्धीच. म्हणून मशीन मेली असं ठरवण्याआधीची हेल्थ चेकची मुदत चाचणीत मोजलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवा. अझुरवर आणखी एक जपा: /एमएनटीवर दिसणारी ती मोठी टेम्पररी डिस्क मोहात पाडते, पण व्हीएम रीडिप्लॉय झाली की तिच्यावरचं सगळं जाऊ शकतं.

पडण्याऐवजी नुसती थिजलेली मशीन स्वतःहून पॅनिक होत नाही. ‘कर्नल.अननोन_एनएमआय_पॅनिक’ ही सेटिंग १ करून ठेवा, म्हणजे एडब्ल्यूएसचा डायग्नोस्टिक इंटरप्ट किंवा अझुरच्या सिरियल कन्सोलमधला एनएमआय (कर्नलला टाळता न येणारा इंटरप्ट) वापरून तिला पाडून डम्प घेता येतो.

हे सगळं झालं की मशीन स्वतः पाडा. त्याच इमेजची, त्याच प्रकारची मशीन घ्या, सिंक करा (लिहायचा राहिलेला डेटा डिस्कवर उतरवा) आणि /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये ‘सी’ लिहा. घड्याळ लावा. फाइल आली तर तिचा आकार लिहून ठेवा, आणि तेवढ्यावर न थांबता ती क्रॅश टूलमध्ये उघडून बघा. त्यासाठी चालू कर्नलच्या तंतोतंत त्याच आवृत्तीची डीबगइन्फो (डम्प कर्नलच्या कोडशी जुळवणारी माहिती) लागते. कर्नल अपडेट झालं की तीही बदलते. ही फाइल कोणाला पाठवताना जपा, तिच्यात ग्राहकांचा डेटा आणि किल्ल्या असू शकतात.

एकदा चाचणी खऱ्या ऑटो स्केलिंग ग्रुपमधल्या मशीनवरही करा. त्यासाठी ‘रिप्लेस अनहेल्दी’ ही बिघडलेली मशीन बदलणारी प्रक्रिया थांबवावी लागेल. ती कोणी थांबवली आणि कधी चालू करायची हे पोळ्याच्या ऑन-कॉल शीटवर नावासकट लिहा, आणि सुट्टी सुरू होण्याआधी ती पुन्हा चालू झालीय हे दुसऱ्या माणसाने स्वतः पाहून खूण करावी.