जुन्या पिकअपचे शॉकअप बदलताना या चुका टाळा

शॉकअप वजन उचलत नाही. गाडीचं आणि मालाचं सगळं वजन पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी कमानदार पट्ट्यांवर, येतं. काही गाड्यांत पुढे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असतो, तिथं ते त्यांच्यावर येतं. खड्ड्यात दबलेला पाटा उसळी मारून परत येतो, ती उसळी शॉकअप जिरवतो. आतलं तेल पिस्टनच्या व्हॉल्व्हमधून ढकललं जातं, तापतं, आणि ती उष्णता नळीच्या अंगातून बाहेर पडते. जुन्या पिकअपला नवे शॉकअप घेताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: पाट्यांचं काम शॉकअपकडून करून घ्यायला जाणं.

नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारी गाडी घ्या. जाताना वीस-वीस किलोच्या कॅरेट थप्पीने भरलेल्या असतात, मागचे पाटे जवळपास सरळ झालेले असतात. येताना तीच गाडी रिकामी, पाटे ताठ आणि मागचा भाग हलका, त्यामुळे प्रत्येक स्पीडब्रेकरवर हौदा टणकन उडतो. हे दोन्ही प्रवास एकाच शॉकअपला सांभाळायचे असतात. म्हणून 'सगळ्यात कडक कोणता?' असं दुकानात विचारणं हीच पहिली चूक. फार कडक शॉकअप घातलेली रिकामी गाडी खड्ड्यात चाक खाली सोडतच नाही, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची बाजू सरकते.

बसलेल्या गाडीला शॉकअप हा इलाज नाही

गाडी मागून बसली असेल किंवा एका अंगाला कलत असेल, तर दोष पाट्यांत आहे. कमान गेलेली असते, मधला एखादा पाटा तुटलेला असतो, नाहीतर पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले पडून पाट्यांना मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट तुटलेला असतो. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. फरक निघाला तर आधी पाटेवाल्याकडे जा. 'कडक शॉकअप टाका, गाडी उठेल' हा सल्ला ऐकू नका. तेलाचा साधा शॉकअप गाडी एक सूतही उचलत नाही. गॅसचा थोडा वर रेटतो, पण टनभर मालापुढे तो जोर काहीच नाही.

खटखट आवाजाचंही तसंच. पुष्कळदा शॉकअप ठीक असतो आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे, बुश (बोल्टभोवतीची नळी) संपलेले असतात. पहार घालून शॅकल हलवून पाहिली की सैलपणा लगेच दिसतो.

मग शॉकअप गेलाय हे ओळखायचं कसं? कारचं बोनेट दाबून सोडतात तसं पिकअपला करून उपयोग नाही, पाटे इतके ताठ असतात की माणसाच्या वजनाने काही कळतच नाही. त्यापेक्षा खराब रस्त्यावर सात-आठ किलोमीटर गाडी चालवा, थांबा, आणि उलट्या हाताने चारही शॉकअप चाचपा. सायलेन्सरपासून हात जपा. काम करणारा शॉकअप गरम लागतो. एकाच ॲक्सलवरचा एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला मेला आहे. नळीवर तेलाचा पुसट थर आणि त्यावर बसलेली धूळ दिसली म्हणून घाबरू नका. ओघळ उतरलेला असेल तर मात्र सील गेलं. टायरवरून हात फिरवा: ठिकठिकाणी खोलगट खाल्लेला लागला, तर चाक रस्त्यावर नीट न टेकता उड्या मारतंय. चाकाचा बॅलन्स किंवा बेअरिंग बिघडूनही असं होतं, तेवढं तपासून घ्या.

गाडीचं नाव सांगून माल घेऊ नका

'बोलेरो पिकअपचे मागचे द्या', एवढ्यावर दुकानदार जे काढून देईल ते तुमच्या गाडीचं असेलच असं नाही. बोलेरो पिकअप कमी-जास्त वजन नेणाऱ्या वेगवेगळ्या प्रकारांत आलेली आहे. टाटा 207 चंही एकच एक रूप नव्हतं. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. पण जुन्या गाडीच्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही. तीन मालक बघितलेल्या गाडीत कोणीतरी जादा पाटा चढवलेला असतो, कोणीतरी ब्रॅकेट तोडून दुसरीकडे वेल्ड केलेलं असतं. कंपनीचा पार्ट नंबर कारखान्यातून निघालेल्या गाडीसाठी असतो. तुमच्या अंगणात उभी असलेली गाडी आता वेगळी आहे, म्हणून टेप हातात घ्यायचा.

गाडी रिकामी, जमीन सपाट, पुढच्या चाकांना उटी, म्हणजे अडवायला दगड किंवा ठोकळा. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यांमधलं अंतर मोजा. समजा 430 मिलिमीटर आलं. आता ॲक्सल आणि वरचा बंप स्टॉप (ॲक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून बसवलेलं रबर) यांच्यातली फट मोजा, समजा 60. दणका बसला की रबर स्वतःही दबतं, म्हणून 40 मिलिमीटर उंचीच्या रबराचे निम्मे, म्हणजे 20, आणखी धरा. 430 मधून 80 गेले, राहिले 350. चाक पुरतं वर गेलं की शॉकअपला एवढ्यात मावायचं आहे. शॉकअप तिरका बसवलेला असेल तर तो ॲक्सलपेक्षा थोडा कमीच दबतो, त्यामुळे हा हिशेब सुरक्षित बाजूला राहतो.

नंतर चेसिस जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. जुने शॉकअप काढा आणि ॲक्सल सावकाश खाली लोंबू द्या. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे बघत राहा. बोल्ट ते बोल्ट अंतर पुन्हा मोजा. जुना शॉकअप तसाच ठेवून हे माप घेणं ही फार आढळणारी चूक आहे, कारण तो आखूड असेल तर ॲक्सल त्यालाच लटकून राहतो आणि खरं माप मिळत नाही. समजा 540 आलं. आता तुम्हाला हवा असलेला शॉकअप मिटलेला 350 पेक्षा थोडा कमी आणि उघडलेला 540 पेक्षा थोडा जास्त भरला पाहिजे. मिटलेला 335 आणि उघडलेला 550 असा मिळाला तर बिनधास्त घ्या.

मिटलेला शॉकअप लांब पडला, तर भरलेल्या गाडीत बंप स्टॉप टेकायच्या आधी तो स्वतः ठोकला जातो आणि ब्रॅकेट वाकतं. उघडलेला आखूड पडला, तर प्रत्येक खड्ड्यात लोंबणाऱ्या ॲक्सलचं वजन त्याच्या दांड्याला हिसका देतं आणि शेवटी डोळा, म्हणजे बोल्ट जाणारी टोकाची गोल कडी, तुटतो. जादा पाटा चढवून उंच केलेल्या गाडीत मूळ मापाचा शॉकअप घातला की हेच घडतं.

लांबीबरोबर टोकंही बघा. वर पिन आहे की डोळा, बुशची रुंदी किती, बोल्ट किती मिलिमीटरचा. सोळाच्या भोकात बाराचा बोल्ट पाइपचा तुकडा घालून बसवून देणारे भेटतात. त्याला नाही म्हणा, चार दिवसांत तो खडखडायला लागतो.

काउंटरवर हाताने दाबून पारख

गिऱ्हाईक शॉकअप उभा धरून दाबतं, तो सहज आत जातो, आणि 'हा नरम आहे' म्हणून परत करतं. दाबताना हलका आणि ओढताना जड असणं हे पुष्कळ शॉकअपमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं. चाक वर जाताना पाटा आधीच विरोध करतो. परत येणाऱ्या उसळीला अडवणारं दुसरं कोणी नसतं, म्हणून व्हॉल्व्हचा खरा जोर ओढण्याच्या बाजूला. हाताने एवढंच तपासा की ओढताना जोर एकसारखा लागतोय का. मध्येच मोकळं गेल्यासारखं वाटलं तर घाई करू नका. आडवा पडून राहिलेल्या शॉकअपच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. तरीही मोकळं जात असेल तर तो घेऊ नका.

तेलाचा की गॅसचा? खराब रस्त्यावर पिस्टन झपाझप चालला की तेलाला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजनचा दाब हा फेस रोखतो. माळशेजसारखा घाट रोजचा असेल, तर कमी दाबाच्या गॅसचा दुहेरी नळीचा शॉकअप मला सगळ्यात योग्य वाटतो. एकेरी नळीचा, जास्त दाबाचा शॉकअप लवकर थंड होतो हे खरं, पण त्याचा पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच चालतो. खडीच्या रस्त्यावर एक दगड लागून पोचा पडला की खेळ संपला. दुहेरी नळीत बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी आतली बहुतेकदा वाचते.

तेल भरून पुन्हा रंगवलेले शॉकअप स्वस्तात मिळतात. खालच्या बुडाशी हाताने मारलेलं वेल्डिंग, रबरावर उडालेला ताजा रंग आणि दांड्याच्या क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे, यातलं एक जरी दिसलं तरी सोडून द्या. त्या खड्ड्यांनी नवीन सीलही फाटतं. पक्कं बिल घ्या, आणि एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक थकलेला असला की वळणावर गाडी दोन्ही बाजूंना वेगवेगळी वागते.

बसवताना

डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळू नका. चाक लोंबत असताना आवळलेलं रबर गाडी खाली उतरली की पिळलं जातं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. पिनवाल्या टोकाला रबर वॉशरच्या रुंदीइतकं फुगेपर्यंतच आवळायचं, चिरडायचं नाही. पिन फिरतेय म्हणून पकडीने चमकता दांडा धरू नका, त्या ओरखड्यातूनच पुढे गळती सुरू होते. जुना गॅसचा शॉकअप कापू किंवा आगीत टाकू नका, आत दाब असतो.

नव्याने बसवूनही काही दिवसांतच तेल गळू लागलं, तर दुकानदाराशी भांडण्याआधी गाडीखाली वाका आणि बंप स्टॉप जागेवर आहे का बघा. जुन्या पिकअपमध्ये तो बऱ्याचदा झडून गेलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग प्रत्येक मोठ्या खड्ड्यात भरलेल्या गाडीचा दणका थेट शॉकअपच्या बुडावर बसतो. जादा वजन असेल तर आणखीच. 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली जादा मालाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे; त्या एका दंडापुढे बंप स्टॉपच्या रबरांचा खर्च अगदीच किरकोळ. ती दोन रबरं शॉकअपबरोबरच घ्या आणि आधी तीच बसवा.