चारखांबीचं छप्पर, दुसऱ्यांदा

आधी पट्ट्या. लाकूड ठरवायच्या आधी, कौलं सांगायच्या आधी, सुतारबुवांना चहाला बोलवायच्याही आधी वासा (उतारावरचं लाकूड) तुळईला (खांबांवरच्या आडव्या लाकडाला) धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणून घरात ठेवा. गेल्या खेपेस माझ्याकडे बाकी सगळं होतं, तेवढ्या नव्हत्या. "मागाहून मारू" म्हणालो. त्याआधी मे महिन्यातला वळीव आला.

परसात विहिरीच्या अंगाला १० बाय १२ फुटांची चारखांबी होती. चार खांब, चारही बाजू उघड्या, वर पत्र्याचं दुपाखी छप्पर. वासे तुळईवर ठेवून प्रत्येकाला तीन इंची दोन खिळे मारलेले. वारा सुटला तो जेमतेम वीस मिनिटं. बाहेर येऊन बघतो तर खांब जागेवर, तुळया जागेवर आणि छप्पर पोफळींत उताणं, वासे वर करून, मेलेल्या खेकड्यासारखं. जवळ जाऊन पाहिलं. खिळे वाशांतच होते, सरळच्या सरळ, एकही वाकलेला नाही. तुळईवर नुसती भोकं. लोण्यातून सुरी काढावी तसे निघाले होते.

आणि हे काही चक्रीवादळ नव्हतं. ३ जून २०२० चं निसर्ग आमच्या दापोली-मंडणगडाने अंगावर घेतलेलं. उडालेले पत्रे आणि आडव्या झालेल्या बागा डोळ्यांनी बघितल्या होत्या. तरी विसरलो. छप्पर म्हटलं की आपण वजनाचाच विचार करतो, खांब वाकेल का, तुळई झोल खाईल का. छप्पर वर जाईल असं डोक्यातच येत नाही.

एकदा हिशेब करून बघा म्हणजे पट्ट्यांचा कंटाळा करणार नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचं सूत्र आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे चौरस मीटरला पासष्ट-सत्तर किलोचा दाब. उघड्या छपराला साधारण तेवढीच उचल मिळते असं धरा, कारण वारा वळचणीखाली शिरून खालून ढकलतो आणि वरून ओढतो. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण धरून माझं छप्पर वरून १४ बाय १६ फूट, म्हणजे २१ चौरस मीटर भरतं. चौदाशे किलो वर. माझे पत्रे आणि वासे मिळून अडीचशे किलोही नसतील.

या वेळी कौलं घेतली. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागतात आणि छप्पर चौरस मीटरला चाळीसेक किलो भरतं. उतारावर मोजलं तर २४ चौरस मीटर, म्हणजे ३६० कौलं. मी ४०० सांगितली. टेम्पोत दहा-पंधरा फुटतात, सुताराच्या पायाखाली पाच-सात, आणि वांदरांचा वाटा वेगळा. आढ्यावरचे, म्हणजे दोन उतार वर मिळतात तिथले, कोने १५-१६ लागतील, जास्तीचे चार घ्याच, पुढच्या खेपेला तोच साचा मिळत नाही. तर हजार किलोचं छप्पर झालं. आता उडणार नाही, असं वाटतं. परत वरचा आकडा बघा. चौदाशे.

म्हणून पट्ट्या. दोन मिलिमीटर जाडीच्या, बोटभर रुंद, जस्त चढवलेल्या, वाशावरून उलटून तुळईच्या दोन्ही अंगांना उतरणाऱ्या, प्रत्येक टोकाला निदान चार स्क्रू. समुद्र जवळ असेल तर स्टेनलेस घ्या, खारं वारं साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खातं. दोन-दोन फुटांवर वासे धरले तर नऊ जोड्या, अठरा वासे, अठरा पट्ट्या. सतरा नाही. फॅब्रिकेटरने वाकवून दिल्या, सगळा खर्च कौलांच्या टेम्पोभाड्याहून कमी आला. खिळा त्याच्या लांबीच्या दिशेने ओढला की निघतो. पट्टीतल्या स्क्रूंवर तोच जोर आडवा पडतो, मग निघायला लाकूडच फाडावं लागतं. सुतारबुवा म्हणाले, "आमच्या आज्याच्या घराला कुठे होत्या पट्ट्या? शंभर वर्षं उभं हाय." बरोबर आहे. त्या घराला जांभ्याच्या भिंती आहेत, माळा आहे, वाऱ्याला आत शिरायला वाट नाही. आणि कौलं सुटी असल्यामुळे फार जोराचा वारा आला की चार-दोन कौलं उडून दाब मोकळा होतो, सांगाडा राहतो. चारखांबीला भिंतच नाही. तुलना करू नका, पट्ट्या मारा.

बांधणं फक्त वाशापाशी संपत नाही, हेही मला उशिरा कळलं. कौल रिपेला (वाशांवरच्या आडव्या बारीक लाकडाला), रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब पायाला: यातला एक दुवा सुटला की बाकीचे चार फुकट. तुळई आणि खांबाला आरपार बोल्ट, मोठ्या वॉशरसकट. खांब नुसता तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, ठेवायची पद्धत घराला ठीक होती, इथे नाही. काँक्रीटमध्ये आधीच लोखंडी बूट बसवा आणि खांब त्यात बोल्टाने धरा, बूड जमिनीपासून दोन इंच वर ठेवून. वाळवीही लांब राहते.

लाकडाचं थोडक्यात. तुळया-खांबांना ऐन किंवा किंजळ, परवडला तर साग. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, घेऊ नका, पोखरतात. घरचं झाड पाडणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी बघा, सागाला आणि आणखी बऱ्याच झाडांना ती लागते. लाकूड ओलं असेल तर दोन महिने सावलीत रचून ठेवा. मी तीन आठवडे ठेवलं. घाई.

उतार. इथे पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे कंजूषपणा नको. आडवं तीन हात गेलं की निदान पावणेदोन हात उठाव, म्हणजे तीस अंश. पत्र्याला कमी चालतं, कौलाला नाही. झड मागून शिरते. वासे कापताना एक नमुन्याचा वासा करा आणि सगळे त्याच्यावरूनच आखा. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं केलंत तर शेवटच्याला अर्धा इंच फरक पडलेला असतो. तुळईवर बसायची खाच वाशाच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको. वासा किंचित वाकडा असतोच, कमान वर ठेवा. समोरासमोरच्या तुळया एकमेकींना आडव्या लाकडाने बांधायला विसरू नका, नाहीतर कौलांच्या भाराने वासे तुळयांना बाहेर रेटतात आणि आढं खाली बसतं. खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके टेकू. कर्ण मोजा, ते सांगायला नको.

रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका, आलेली कौलं बघा. दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून लावा, एकदा ताणून मोजा, एकदा दाबून मोजा, मधलं धरा. साडेबारा इंचांच्या आसपास येतं, पण कारखान्यागणिक फरक असतो आणि तो फरक शेवटच्या रिपेवर कळून उपयोग नाही. वळचणीची पहिली रीप कौलाच्या जाडीइतकी चढी लागते, कारण तिथल्या कौलाखाली दुसरं कौल नसतं. ती सारखी ठेवली तर खालची ओळ माना टाकते.

कौलं चढवायच्या आदल्या संध्याकाळी खाली उभं राहून पट्ट्या मोजा. मोठ्याने. मी मोजल्या तेव्हा सोळा भरल्या. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या दोन वाशांना सुतारबुवांनी "उद्या" म्हणून नुसता खिळा टोचून ठेवला होता. त्याच "उद्या"ने माझं पहिलं छप्पर नेलं. रात्री टॉर्च धरून त्या दोन मारून घेतल्या, ते कुरकुरले, मी जेवण पुढे केलं. कौलं चढली की पट्टी मारायला जागा राहत नाही.

चढवताना दोन्ही पाखांवर बरोबरीने चढवा, इकडे दोन ओळी, तिकडे दोन ओळी. एक पाखं भरून मग दुसरं असं केलं तर सांगाडा एका अंगाला झुकतो. वळचणीची ओळ आणि दोन्ही कडांची कौलं तारेने रिपेला बांधा, मंगलोरी कौलाच्या पाठीला त्यासाठी भोक असतं, ते शोभेचं नाही. मधलीही एकाआड एक बांधली तर उत्तम, मी नाही बांधली, कंबर गेली होती. कोन्यांखालचा जोडणीचा माल फार कडक नको, तडकतो.

दिव्याची वायर कौलांआधी. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावणार असाल तर तेही आधी, हातमोजे घालून, कातडी भाजते. पन्हळ ऐच्छिक, पागोळ्यांखाली चिऱ्याचे तुकडे टाकले तरी भागतं. शिडी बांधलेली, पाय कोरडे, वर एकटं जायचं नाही. हे सगळं मृगाच्या आधी, खरं म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात, कारण वळीव मृगाची वाट बघत नाही.

दिवाळीच्या सुमारास सगळे नट पुन्हा आवळायचे. लाकूड सुकून आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात. पाना मी तिथेच आढ्याखाली टांगून ठेवलाय.