व्हॉलीबॉलच्या खुणा चोरीला जाऊ नयेत म्हणून

नेटजवळचा ब्लॉकर, म्हणजे समोरचा फटका अडवणारा, आपण कुठला फटका अडवणार हे पाठीमागे बोटं करून आपल्याच टीमला सांगतो. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या रात्रीच्या स्पर्धांत ती बोटं समोरच्या टीमला दिसत नाहीत, कारण हात पाठीमागे असतो. ती दिसतात आपल्या एंड लाइनमागे गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसलेल्यांना, आणि गडग्यावर कोण बसणार हे आपल्या हातात नसतं. म्हणून मी पोरांना खुणांच्या आधी जागा दाखवतो. मॅचच्या आधी एकाला नेटजवळ उभं करा, पाठीमागे एक बोट, दोन बोटं, मूठ असं करायला लावा आणि तुम्ही मैदानाभोवती फेरी मारून या. गडगा, समोरच्यांचं बाक, स्टेजची कड, शाळेच्या व्हरांड्याची पायरी. जिथून बोटं मोजता येतात ती जागा ध्यानात ठेवा. हॅलोजनच्या उजेडात बोटाला गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी पलीकडच्या माडाखालूनही दिसते. ज्या हाताने खूण करायची त्याला ती नको.

चोरी कशी होते हे समजायला अमेरिकेतलं प्रकरण बघा. तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेटवाला. सप्टेंबर 2007 मध्ये जेट्सविरुद्धच्या मॅचला पेट्रियट्सचा माणूस जेट्सच्या कोचचे हातवारे सीमारेषेजवळून कॅमेऱ्यात टिपताना सापडला. पेट्रियट्सचे कोच बिल बेलिचिक यांना 5 लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख, शिवाय 2008 च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांतली, पहिल्या फेरीची निवड गेली. नुसत्या डोळ्यांनी बघून खूण ओळखायला तिथे बंदी नव्हती. बंदी होती ती तिथून कॅमेरा लावायला. मला हा फरक पटतो. डोळे उघडे ठेवून खेळणं हा खेळच आहे.

पण आपल्या कामाची गोष्ट दंडाची नाही. पुढे बाहेर आलेल्या त्यांच्या टेप्समध्ये आधी कोचचे हात दिसायचे आणि मग स्कोअरबोर्ड, म्हणजे कितवा डाउन (प्रयत्न), किती यार्ड बाकी. नुसत्या खुणेला काही अर्थ नसतो. खूण, त्या वेळची परिस्थिती आणि पुढे काय झालं हे शेजारी शेजारी चार-सहा वेळा मांडलं की कोड फुटला. तेच काम गडग्यावरचा पोरगा वही-पेनाने करू शकतो.

एक बोट म्हणजे लाइन (कडेने येणारा सरळ फटका अडवणार), दोन म्हणजे क्रॉस (तिरका फटका), मूठ म्हणजे ब्लॉक नाही. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, ते बदलत बसू नका. बदलायची ती किल्ली: खूण सरळ वाचायची की उलटी. स्कोअर सम असेल तर सरळ, विषम असेल तर उलट, ही युक्ती कागदावर झकास वाटते. पण 23-23 ला कोणाचं डोकं गणितात नसतं, आणि स्कोअर तर बोर्डावर सगळ्यांसमोर लिहिलेला असतो. चोर पहिला तिकडेच बघतो. त्यापेक्षा अंगाच्या हालचालीची किल्ली बरी.

ती तपासायला सरावात एका राखीव खेळाडूला गडग्यावर बसवा. वहीत दोन रकाने: खूण काय, झालं काय. आमच्याकडे शॉर्टला (हाफपँटला) हात पुसला की उलटं, अशी किल्ली होती. वहीवाला दुसऱ्या सेटात ओरडला, "सर, हात पुसल्यान काय उलटां!" ज्याला गरज तोच हात पुसत होता, मग कळणारच. आता दोन्ही ब्लॉकर प्रत्येक सर्व्हिसआधी हात पुसतात. उजवा पुसला तर सरळ, डावा पुसला तर उलट. सेट संपला की किल्ली बदलते. तीच मॅचभर चालवायची असेल तर गडगाच बरा, तिथे बसून शेंगदाणे तरी खाता येतात.

सेटरच्या, म्हणजे फटक्यासाठी बॉल उचलून देणाऱ्याच्या, हाका वेगळ्या. आमच्यात मधल्या क्विकला (मधून झटपट मारायच्या बॉलला) 'बांगडो', मागच्या बॉलला 'पेडवे'. समोरचेही मासेखाऊच, पण कुठला मासा कुठला बॉल हे त्यांना माहीत नसतं. मात्र 'बांगडो' ऐकू आलं की दर वेळी मधलाच उडाला, तर ते लहान पोरालाही कळेल. म्हणून ज्याला बॉल मिळणार नाही त्यानेही ओरडायचं, आणि खऱ्या जोरात.

एनएफएलने, म्हणजे त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या लीगने, 1994 पासून क्वार्टरबॅकच्या (चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या) हेल्मेटमध्ये कोचचं ऐकायला रेडिओ दिला आणि 2008 पासून बचावातल्या एका खेळाडूलाही. आपला रेडिओ म्हणजे रॅलीनंतर पोरं एकत्र येतात ते दोन क्षण. महत्त्वाच्या पॉइंटला बोटं दाखवूच नका. तोंडावर हात धरून कानात सांगा.

राहिला मोबाइल. आजकाल आयोजकच एंड लाइनमागे कॅमेरा लावून यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. ते चित्र काही सेकंद उशिरा येतं, त्यामुळे त्याच रॅलीत उपयोग नाही, पण रात्री अकराच्या सेमीफायनलआधी कोणीही निवांत बघू शकतं. म्हणून दुपारच्या आणि रात्रीच्या मॅचच्या किल्ल्या वेगळ्या ठेवा. मोठ्या व्हॉलीबॉलमध्ये तर टीमची माणसं कोर्टामागे लॅपटॉप-कॅमेरा घेऊन उघड बसतात आणि ते नियमात आहे. तेव्हा समोरच्या टीमचा माणूस आपल्यामागे शूटिंग करताना दिसला म्हणून लगेच 'चोर चोर' करू नका. शूटिंग चालेल की नाही हे लॉट्स पाडतानाच आयोजकांना विचारून घ्या. नाही म्हणाले आणि तरी कोणी दिसला, तर त्याचा फोन हिसकावू नका. पंचांशी बोलायचा हक्क कॅप्टनचा, त्यानेच जाऊन सांगायचं. तोवर बाकीच्यांनी किल्ली बदलून घ्यायची.