झाडाआधी पाटीचा फोटो घ्या

बेंगळुरूची लालबाग बघून सोलापूरला परतलं की मोबाईलमध्ये नुसती हिरवळ उरते, कुठलं झाड कुठलं ते कळत नाही. २४० एकरांची बाग, त्यात देशोदेशीची उष्ण प्रदेशातली झाडं. लक्षात तरी किती ठेवणार? त्यापेक्षा फोटोंचा क्रम ठरवून टाका.

१. आधी नावाची पाटी. शास्त्रीय नाव नीट वाचता येतंय ना, ते तिथंच मोठं करून बघा.

२. मग खोड, जवळून. बरेच जण नेमकं हेच सोडतात. कैलासपतीची फुलं शेंड्याला नाही, थेट खोडावर फुटलेल्या काटक्यांना येतात. गुलाबी-लाल पाकळ्या आणि मध्ये नागाच्या फण्यासारखी वळलेली केसरांची पट्टी. हे लांबून घेतलेल्या फोटोत दिसतच नाही. जड, गोल फळंही तिथंच लोंबतात, म्हणून खाली रेंगाळू नका.

३. पान, शेजारी बोट ठेवून. आकार कळतो.

४. शेवटी अख्खं झाड.

पुढची पाटी आली की पुढचं झाड सुरू. उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसून फोटो चाळले तरी सगळं आपोआप लागलेलं असतं. सोलापुरात नर्सरीत रोप मागतानाही पाटीचाच फोटो दाखवा, भलतंच रोप गळ्यात पडत नाही.

एक मात्र सांभाळा: पाटी दोन झाडांच्या मधोमध असेल तर अंदाज बांधू नका, तिथल्या माळीकाकांना विचारा.