महाबळेश्वरला जाताना वाईत नदीकाठी पाय मोकळे कसे करायचे

पुण्याहून एका दिवसात पाचगणी-महाबळेश्वर करणारे बरेच जण सुरूर फाट्याला वळतात आणि वाईतून न थांबता थेट पसरणी घाटाला लागतात, मग अर्ध्या घाटात मागच्या सीटवरच्या कोणाला तरी मळमळायला लागतं. त्यापेक्षा घाट चढायच्या आधी वाईत पाऊण तास काढा.

गर्दी चालत असेल तर गणपती आळीच्या घाटावर जा. ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, आणि देवळाची मागची भिंत बघायला विसरू नका, ती माशासारखी निमुळती बांधलीये म्हणजे पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी कापलं जातं. पण वीकेंडला इथे पार्किंगची बोंब असते.

मला विचाराल तर मेणवलीच बरी. वाईपासून 3-4 किमी, धोमच्या रस्त्याला. नाना फडणवीसांचा वाडा आहे, पण वाडा बघत बसलात तर चालणं राहूनच जातं म्हणून आधी सरळ मागच्या घाटावर उतरा. कृष्णेच्या काठाने दगडी पायऱ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रमत गमत दोन-तीन फेऱ्या मारायच्या, बास, स्टेप्स मोजायच्या नाहीत आणि घाम तर अजिबात काढायचा नाही. मेणवलेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा आहे, वसईच्या पोर्तुगीज चर्चची, 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची, तिच्यावर चक्क बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. दमलात तर तिथेच सावलीत बसा.

आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना खालपर्यंत नेऊ नका, पायऱ्या उंच आहेत, वरून पण नदी मस्त दिसते. पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत सोलचे चप्पल-सँडल नकोत आणि पाण्याजवळच्या पायऱ्या तर नकोच, वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की नदी चढते. उन्हाळ्यात 10 च्या आत उरका, दगड जाम तापतात. पाण्यात उतरून सेल्फी वगैरे प्लीज नको, आणि कोणी धुणं धूत असेल तर त्यांचे फोटो काढत बसू नका.

चालून झालं की चहा घ्या, पोटभर मिसळ नको, पुढे वळणं आहेत. आणि परत येताना थांबू असं म्हणू नका, तोवर अंधार पडतो आणि गाडीत ड्रायव्हर सोडून सगळे झोपलेले असतात.