पॅनलवर पहिल्यांदा बसताय? हिंट कोणाला देताय ते बघा

नवी मुंबईत महापे, ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत दोन-तीन वर्षं काढली की एचआर एक दिवस सांगते, उद्यापासून तू पण इंटरव्ह्यू घे. ट्रेनिंग म्हणून एक व्हिडिओ आणि क्विझ, त्याने काही होत नाही हे माझं ठाम मत.

एका गुणाची छाप बाकी सगळ्या मार्कांवर पडते हे थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच लष्करी अधिकाऱ्यांच्या रेटिंगवरून दाखवलं होतं, हॅलो इफेक्ट, तो तुम्हाला माहितीये. पण घोळ मार्कांच्या आधीच होतो, आणि हे लक्षात यायला मला फार वेळ लागला.

आपण कँडिडेटला सहज विचारतो, कुठून आलास? तो म्हणतो डोंबिवली, ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकल पकडली, झालं, आपण मराठीत शिरतो, आपलाच वाटायला लागतो. मग जॉइनच्या, म्हणजे डेटाबेसमधली दोन टेबलं जोडायच्या, प्रश्नावर अडकला की आपणच म्हणतो, "अरे, डावीकडच्या टेबलातल्या सगळ्या रो हव्यात, मग कुठला?" तो म्हणतो लेफ्ट जॉइन, आपण खूश. पुढची मुलगी बीडची, इंग्रजी अडखळत बोलतेय, नेमकी तिथेच थांबते आणि आपण गप्प, थोडं थांबून "ओके, नेक्स्ट". शीटवर त्याला चार, तिला दोन. प्रश्न तर एकच होता ना, म्हणून आपल्याला मनापासून वाटतं की आपण फेअर होतो. हिंटची नोंद कुठेच नसते हो, तीच तर अडचण आहे!

म्हणून हिंट आधीच लिहून ठेवा, प्रश्नाला एकच, अडकेल त्याला तीच, आणि दिली की शीटवर खूण करा. भाषा कुठली चालेल तेही प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगा. मार्क प्रश्न संपला की लगेच, बाजूच्याशी बोलायच्या आधी लिहायचे. चर्चेत ज्युनिअरने आधी बोलायचं, सीनियर बोलला की सगळे मान डोलावतात.

"कल्चर फिट"चा कॉलम सरळ उडवा, आपल्यासारखा नाही म्हणून नको, हे लिहायची ती सोय आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये मांडलेला अभ्यास वाचा, शिक्षण सारखं असूनही दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना खाजगी कंपन्यांकडून कॉल कमी आले. आपल्याकडचीच गोष्ट आहे ही, तेव्हा नाव-पत्ता झाकून रेझ्युमे मागा, एचआरने कुरकुर केली तरी.

सुरुवातीला हे सगळं कोरडं वाटेल, ठरलेले प्रश्न वाचताना अवघडल्यासारखं होईल, होऊ दे, दोन-चार इंटरव्ह्यूत सवय होते. कँडिडेटला आधीच सांगा की सगळ्यांना हेच विचारतो, त्यालाही बरं वाटतं. आणि गप्पा मारायच्याच असतील तर मार्क लिहून शीट एचआरकडे गेल्यावर, मग डोंबिवली काय आणि बीड काय, खुशाल बोला.