फोन सायलेंटवर ठेवूनही वाजतोय? चारचौघांत या चुका टाळा

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवराचा खेळ इथंच केला, आणि त्याच गावात नाटक ऐन रंगात आलेलं असताना तिसऱ्या रांगेत कुणाचातरी फोन वाजतो तेव्हा फार वाईट वाटतं. मागं माझ्या शेजारच्या काकांचं असंच झालं. फोन त्यांनी सायलेंटवर ठेवलेला, पण रात्रीच्या गोळीचा अलार्म लावलेला आणि अलार्म सायलेंटवर पण वाजतोच. अंधारात बटण सापडेना, शेवटी फोन मांडीखाली दाबून बसले बिचारे. त्यांची चूक एवढीच की हे माहीत नव्हतं.

म्हणून आत जायच्या आधी अलार्म बघा. व्हायब्रेटवर ठेवून खुर्चीच्या हातावर किंवा टेबलावर ठेवू नका, त्याची घरघर दोन रांगा ऐकू जाते. डू नॉट डिस्टर्ब लावलं तरी बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्याच माणसानं १५ मिनिटांत परत फोन लावला की रिंग वाजते, सेटिंगमध्ये रिपीट कॉलर्स बंद करा. सगळ्यात बरं म्हणजे फोनच बंद ठेवायचा, तीन तासांचा तर प्रश्न असतो.

दुसरी चूक स्पीकरची, आणि ही मला जास्त लागते. मिरजेत एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो, समोरच्या ताईंनी स्पीकरवर फोन घेतला आणि पलीकडून भाऊ म्हणाला, आईचा रिपोर्ट आला, गाठ चांगली नाहीये. सगळा बाक गप्प. ताईंचा हात थरथरत होता आणि स्पीकर बंद करायचं पण त्यांना सुचेना. त्यामुळं दवाखान्यात असलेल्या माणसाला फोन केला की आधी विचारा, स्पीकरवर आहेस का, बाजूला जाऊन बोल. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज पण फोन कानाला लावून ऐका, आवाज आपोआप आतल्या आत येतो, स्पीकर लागत नाही.

एसटीत हेडफोन घातलेला असतो पण ब्लूटूथ जोडलेलंच नसतं, आणि सातारा येईपर्यंत रील्स सगळ्या गाडीला. गाडी सुटल्यावर एकदा हेडफोन काढून आवाज नक्की कुठून येतोय ते बघा.

आणि कुणी एक फोटो दाखवायला फोन हातात दिला तर तेवढाच बघायचा, पुढं सरकवायचं नाही.